सात दिवस, अठ्ठावीस कप्पे आणि दोन ‘टी’

पाचपैकी साडेतीन तारे देतोय. कापलेल्या दीड ताऱ्यातला एक अख्खा तारा झाकणांवरच्या अक्षरांनी खाल्ला. मी ३२ वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. माणूस निवृत्त होतो, डोळा होत नाही. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्यावरचा मजकूर वाचतो, मग वस्तू बघतो.

वस्तू म्हणजे गोळ्यांची आठवड्याची डबी. सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीत चार कप्पे, एकूण २८. सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. प्लास्टिक निळसर, आरपार दिसणारं. प्रत्येक दिवसाची पट्टी मुख्य चौकटीतून सुटी निघते, म्हणजे बाहेर जाताना तेवढीच खिशात टाकता येते. झाकणांवर वारांची इंग्रजी आद्याक्षरं आणि त्यांच्याखाली ब्रेलचे ठिपके. दीड वर्ष वापरतोय.

आणली मुलीने. मला एट्रियल फिब्रिलेशन आहे असं निघालं आणि घरी येताना माझ्या हातात औषधांची पिशवी होती. तीन प्रकारच्या गोळ्या, तीन वेगळ्या वेळा. दुसऱ्याच दिवशी ती डबी घेऊन हजर. “बाबा, घेतली की नाही हा प्रश्न आता विचारायचाच नाही. बघायचं फक्त.” तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दीड वर्षाने एवढंच म्हणेन, की डबी नेमक्या त्या एकाच प्रश्नाचं उत्तर देते, आणि तेही दर वेळी खरं देतेच असं नाही.

आजाराबद्दल चार ओळी, म्हणजे पुढचं कळेल. हृदयालाही चारच कप्पे. त्यातले वरचे दोन नीट आवळले जायच्या ऐवजी नुसते थरथरत राहतात, आणि खाली जाणारा ठोका वाट्टेल तेव्हा पडतो. नाडीवर बोट ठेवलं की ताल म्हणून सापडत नाही. त्या थरथरीत वरच्या डाव्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. ही शक्यता आजार नसलेल्या माणसापेक्षा साधारण पाचपट. म्हणून औषधं दोन तऱ्हेची. एक ठोक्याचा वेग किंवा ताल सांभाळणारं आणि दुसरं ते ‘रक्त पातळ करणारं’. रक्त त्याने पातळ वगैरे होत नाही, गोठण्याची क्रिया मंदावते. शब्द चुकीचा आहे पण रूढ आहे, आणि रूढ चुकीला आम्ही पेन्सिल लावत नसू.

दुसरी गोष्ट ही, की या गोळ्या चुकल्याचं कळत नाही. डोकेदुखीची गोळी राहिली तर डोकं आठवण करून देतं. गुठळी न होण्याची गोळी राहिली तर कोण सांगणार? म्हणून डबी.

पहिला घोळ पहिल्याच महिन्यात झाला, आणि त्यात दोष डबीचा जेवढा तेवढाच माझा. तेव्हा मला ‘रक्त पातळ करणारं’ म्हणून डॅबिगॅट्रान होतं. १५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, सकाळी एक, रात्री एक. मी उत्साहाने सगळ्या पाकिटातून सोलून डबीत मांडल्या. फार देखण्या दिसत होत्या. खोक्यातला घडीचा कागद मी एरवी पहिल्या दिवशी वाचला असता, पण त्या आठवड्यात आजाराच्याच धक्क्यात होतो. वाचला तो सोळाव्या दिवशी, भिंगाखाली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: कॅप्सूल मूळ पॅकिंगमध्येच ठेवा, गोळ्यांच्या डबीत काढून ठेवू नका. ओल लागली की हे औषध बिघडतं, त्याची ताकद कमी होते. बाटलीतून येत असेल तर बाटलीचं झाकणसुद्धा दमट हवा आत जाऊ नये असं केलेलं असतं, आणि एकदा उघडली की चार महिन्यांत संपवायची. त्याच कागदावर हेही होतं, की कॅप्सूल फोडून आतले दाणे घेऊ नका, कारण कवचाशिवाय औषध अंगात खूपच जास्त शोषलं जातं.

म्हणजे सोळा दिवस मी पक्षाघाताविरुद्धचं औषध उघड्यावर टाकून, डबी नीट भरली म्हणून स्वतःची पाठ थोपटत होतो. फार्मासिस्ट बाईंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, “काका, डबी ठेवता कुठे?” बेसिनच्या वरच्या फळीवर. फोनवर दोन क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी डबीत काढलेल्या कॅप्सूल घेऊ नका, पाकिटातल्या घ्या, आणि डॉक्टरांना कळवा असं सांगितलं. कळवलं.

डबीच्या खोक्यावर याबद्दल एक अक्षर नाही. ‘सर्व प्रकारच्या गोळ्यांसाठी’ असं मात्र ठळक छापलंय. अर्धा तारा या ओळीचा. काही गोळ्यांना उजेड चालत नाही, काहींना ओल, आणि ही आरपार डबी दोन्हीला दार उघडं ठेवते. आता ती कोरड्या कपाटात, खणाच्या आत असते.

मग मी एक शहाणपणा केला. कात्रीने पाकिटाचे तुकडे कापून, कॅप्सूल आत तशीच ठेवून, ते तुकडे कप्प्यांत भरले. ओल लागायचा प्रश्न मिटला. पण कप्पा एवढासा, झाकण धड लागेना, आणि कापलेल्या तुकड्याचे कोपरे ब्लेडसारखे. बायको म्हणाली, “अहो, रात्री चष्मा नसताना हे असंच तोंडात टाकाल.” हसलो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की वयस्क माणसांनी पाकिटासकट गोळी गिळल्याचे आणि अन्ननलिकेला इजा झाल्याचे प्रकार खरंच होतात. शिवाय कापताना मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्यावर जाते. दोन आठवड्यांत तो उद्योग बंद केला.

पुढे त्या कॅप्सूलने छातीत जळजळ फार व्हायला लागली (हा त्या औषधाचा माहीत असलेला त्रास आहे) म्हणून डॉक्टरांनी त्याच कामाचं ॲपिक्साबॅन दिलं. ५ मिलिग्रॅम, दोन वेळा. ही साधी गोळी, डबीत चालते. पण ते मी गृहीत धरलं नाही. आता नवीन औषध आलं की काउंटरवरच विचारतो, “ही डबीत काढून ठेवली तर चालेल का?” दहा सेकंदांचा प्रश्न आहे. माझ्यामागे उभी असलेली माणसं घड्याळ बघतात, बघू देत.

आता त्या अक्षरांकडे येऊ. झाकणांवर ओळीने एस, एम, टी, डब्ल्यू, टी, एफ, एस. दोन ‘एस’ दोन टोकांना आहेत म्हणून निभावतं. पण दोन ‘टी’ एक घर सोडून शेजारी. मुद्रितात असं काही आलं असतं तर मी समासात भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं असतं. आठवडा दाखवणं एवढंच जिचं काम, तिने मंगळवार आणि गुरुवार एकाच अक्षरावर भागवावेत?

एका बुधवारी सकाळी डबी उघडली तर मंगळवारचा संध्याकाळचा कप्पा भरलेला. पोटात गोळा आला. काल रात्रीचं ॲपिक्साबॅन राहिलं! हात आपोआप त्या कप्प्याकडे गेला, कालची आणि आजची दोन्ही घेऊन टाकू म्हणून. तेवढ्यात बायको म्हणाली, “काल रात्री पाण्याचा ग्लास मी तुमच्या हातात दिला होता. मग पाणी कशासाठी प्यायलात?” झाकणं एकेक करून बघितली. गुरुवारची संध्याकाळ रिकामी. मंगळवारी रात्री मी दुसऱ्या ‘टी’तली गोळी घेतली होती.

समजा खरंच राहिली असती, तरी दोन एकदम घेणं चूकच होतं. ॲपिक्साबॅनचा नियम असा: विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवताक्षणी घ्यायची आणि पुढची ठरल्या वेळी, पण भरपाई म्हणून दुप्पट कधीच नाही. डॅबिगॅट्रानला तर तासांचा हिशोब आहे, पुढच्या डोसला सहा तासांहून कमी उरले असतील तर राहिलेली सोडूनच द्यायची. प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, म्हणून ‘विसरलो तर काय’ हे विसरण्याआधी विचारून ठेवावं. मी ते एका कार्डावर लिहून डबीच्या तळाला चिकटवलंय.

त्या बुधवारी दुपारी कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि झाकणांवर मराठी अक्षरं डकवली. सो, मं, बु, गु, शु, श, र. सातही वेगळी. आपल्या भाषेचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

मोबाइलचा गजरही लावून बघितला होता. गजर बंद करणं आणि गोळी घेणं ही दोन कामं आहेत, आणि पहिलं केलं की दुसरं झाल्यासारखं वाटतं. आता गोळी गिळल्याशिवाय गजर बंद करत नाही. तो किंचाळत राहतो आणि मी एका हातात ग्लास धरून झाकणाशी झटत असतो. झाकणं पहिले दोन महिने भलतीच घट्ट होती, अंगठ्याचं नख तुटलं एकदा. मग मधल्या काळात अगदी हवी तशी झाली, आणि साधारण आठव्या महिन्यापासून दोन-तीन सैल पडली आहेत. पिशवीत पट्टी उलटी झाली की उघडतात. मी रबर लावतो. तो अर्धा तारा खोक्यावरच्या ओळीऐवजी या झाकणांचा धरलात, तरी मला फरक पडत नाही.

डबी भरण्याबद्दल मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण तिथेच सगळा खेळ आहे.

डबी नसती तर मी रोज स्ट्रिप हातात घेतली असती, नाव दिसलं असतं, आकडा दिसला असता. दिवसातून दोनदा आपोआप तपासणी झाली असती. डबी आली आणि आठवड्याच्या सगळ्या तपासण्या रविवारच्या एका अर्ध्या तासात येऊन बसल्या. तिथे चूक झाली की ती चूक सात वेळा छापली जाते. फर्म्यात चूक गेली की सगळ्या प्रतींत जाते, तसंच.

आणि गेली. ठोक्याचा वेग सांभाळायला मला मेटोप्रोलॉल सक्सिनेट आहे, दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी. आधी २५ मिलिग्रॅम होती, मग डॉक्टरांनी ५० केली. जुन्या २५ च्या स्ट्रिपमध्ये नऊ-दहा गोळ्या उरल्या होत्या, त्या टाकवल्या नाहीत. दोन्ही स्ट्रिपा चंदेरी, नावाचा ठसा तोच. एका रविवारी टीव्हीवर मॅच लावून डबी भरली. बुधवारी संध्याकाळी नुसतं बसल्या जागी छातीत धडधड. नाडी मोजली, ९६. ठोका अनियमित असला की पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं खोटं पडतं, म्हणून मी पूर्ण मिनिट मोजतो. परत मोजली, ९८. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सगळ्या गोळ्या स्ट्रिपांशी ताडून बघितल्या, तेव्हा आठवडाभर अर्धाच डोस मांडून ठेवलेला सापडला. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले, आणि स्वतःच्या गोळीवरचा पंचवीस मी पन्नास वाचला.

आता भरण्याची रीत छापखान्यातून आणली आहे. मुद्रित तपासताना एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रित बघायचं, तशी. बायको प्रिस्क्रिप्शन वाचते, “ॲपिक्साबॅन, पाच, सकाळ-संध्याकाळ.” मी स्ट्रिप उचलतो, नाव, आकडा आणि मुदत वाचून दाखवतो, आणि मग सात दिवसांचे ते कप्पे भरतो. ती स्ट्रिप खोक्यात परत गेल्याशिवाय दुसरी बाहेर येत नाही. एकेक दिवस पूर्ण करत गेलं तर सगळ्या स्ट्रिपा टेबलावर पसरतात आणि घोळ तिथेच होतो, म्हणून एकेक औषध पूर्ण करायचं. शेवटी मोजणी. ॲपिक्साबॅन १४, मेटोप्रोलॉल ७, एकूण २१. बेरीज जुळली नाही तर सगळं पालथं घालून पहिल्यापासून. टीव्ही बंद. बायको कधी कधी आवाज मुद्दाम बातम्या देणाऱ्या बाईंसारखा काढते.

डोस बदलला की जुनी स्ट्रिप घरात ठेवायची नाही, औषधवाल्याकडे नष्ट करायला देऊन टाकायची. आणि कंपनी बदलली की तीच गोळी वेगळ्या नावाने, वेगळ्या रंगात येते. तेव्हा जुन्या नावाची उरलेली आणि नव्या नावाची आणलेली, दोन्ही डबीत जाऊन एकच औषध दुप्पट होऊ शकतं. ठळक छापलेलं कंपनीचं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचायचं. ते बारीक का छापतात, हा माझा जुना वाद आहे, इथे नको.

दुपारचा कप्पा हा आणखी एक सापळा. मला दुपारी काहीच नाही, त्यामुळे सात कप्पे रिकामे. रिकामी जागा दिसली की माणसाला काहीतरी ठेवावंसं वाटतंच. गुडघा दुखत होता तेव्हा आमच्या हिने घरात असलेल्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्या काढून पुढच्या चार दुपारी भरून ठेवल्या, प्रेमाने. मीही विचार न करता दोन घेतल्या. डबीत आहे म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली, असं डोकं धरून चालतं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी फार्मासिस्ट बाईंकडे गेलो आणि बोलता बोलता हे निघालं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. रक्त गोठू न देणाऱ्या औषधासोबत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांच्या जातीची वेदनाशामकं मनाने घेतली तर पोटात वगैरे रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. शौचाला काळं झालं का, हिरड्यांतून रक्त आलं का, सगळं विचारलं. काही झालं नव्हतं. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं तेही धडधड वाढवू शकतं, म्हणून ‘साधी सर्दीची गोळी’सुद्धा विचारल्याशिवाय नको, असं त्यांनीच बजावलं. आता दुपारच्या सातही झाकणांवर चिकटपट्टी आहे.

डबीवरच्या वेळांचाही भरवसा नाही. ‘झोपताना’ असा कप्पा आहे, ‘जेवताना’ असा नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला याच आजारासाठी रिव्हारोक्साबॅन २० मिलिग्रॅम आहे, दिवसातून एकदा. ते अन्नासोबत घ्यावं लागतं, नाहीतर पुरतं शोषलं जात नाही. तो कित्येक महिने झोपायच्या कप्प्यात ठेवून, जेवणानंतर तीन तासांनी पाण्याबरोबर घेत होता. डबी रोज रिकामी होत होती, मग सगळं ठीकच, नाही का?

रिकामा कप्पा आणखी एका बाबतीत फसवतो. सुरुवातीला शॉक देऊन माझा ठोका ताळ्यावर आणला होता, आणि तो टिकावा म्हणून काही महिने ॲमियोडारोन होतं. नंतर बंद केलं. कप्पा रिकामा झाला आणि मी ते नाव विसरून गेलो. दातांच्या दवाखान्यात कोणती औषधं चालू आहेत विचारल्यावर सांगितलंही नाही. पण हे औषध अंगातून फार सावकाश जातं. निम्मं कमी व्हायलाच सरासरी ५८ दिवस, कुणाला त्याहून बरेच जास्त. म्हणजे बंद केल्यावर कित्येक आठवडे ते इतर औषधांशी भांडू शकतं. त्याच्या वजनाच्या ३७ टक्के आयोडीन असतं, म्हणून थायरॉइडच्या तपासण्या, यकृताच्या तपासण्या, आणि खोकला-धाप लागली तर फुप्फुसांकडेही लक्ष. डबीतून गेलं पण अंगातून नाही, असं हे प्रकरण. माझ्या कार्डावर आता ‘बंद केलेली औषधं’ असा वेगळा रकाना आहे, तारखेसकट.

त्या कार्डाची खरी गरज कळली ती एका रात्री. धडधड थांबेना, चक्कर येत होती, म्हणून इमर्जन्सीत नेलं. बायकोने पळत जाऊन डबी उचलली आणि तिथल्या तरुण डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं. दोन गोळ्या. “या कोणत्या?” ती म्हणाली, “एक हृदयाची, एक रक्त पातळ करायची.” “रक्त पातळ करणारी कोणती? शेवटची किती वाजता घेतली?” डबीला यातलं काही सांगता येत नाही. २८ कप्पे आणि एकालाही तोंड नाही. मी स्वतः त्या वेळी नाव नीट उच्चारण्याच्या अवस्थेत नव्हतो. घरून मुलीने स्ट्रिपांचे फोटो पाठवले तेव्हा काम पुढे सरकलं. आता कार्डावर औषधांची मूळ नावं, मिलिग्रॅम, वेळा, वजन, मूत्रपिंडाच्या तपासणीचा शेवटचा आकडा, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, सगळं आहे. एक प्रत पाकिटात, एक बायकोच्या पर्समध्ये.

मुलांपासून जपा हे सगळेच सांगतात, तेव्हा एवढंच लिहितो की आमच्या साडेतीन वर्षांच्या नातीने ही डबी चार सेकंदांत उघडली. माझ्या अंगठ्याचं नख जिथे तुटलं तिथे. हृदयाच्या औषधांची एखाद-दुसरी गोळीसुद्धा लहान मुलाला भारी पडू शकते. ती आली की डबी कुलपात.

मुलीने डब्या दोन आणल्या होत्या. दुसरी अक्काला दिली. माझी थोरली बहीण, तिला हाच आजार माझ्या कितीतरी आधीपासून आहे आणि जुनी औषधं आहेत, रक्त गोठू न देणारं वॉरफरिन आणि ठोक्याचा वेग सांभाळणारं डिगॉक्सिन. तिच्यासाठी डबी माझ्यापेक्षा जास्त उपयोगी आहे हे आधी कबूल करतो. वॉरफरिनचा डोस रोज सारखाच असेल असं नाही. तिला सोमवार, बुधवार, शुक्रवार ३ मिलिग्रॅम, बाकी दिवशी २. हे डोक्यात ठेवणं अशक्य, डबीत मात्र दिसतं.

पण रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी) झाली की डोस बदलू शकतो. तिचा आकडा २ ते ३ मध्ये राहायला हवा. एकदा ३.६ आला, डॉक्टरांनी डोस कमी करून सांगितला, आणि डबीत पुढचे पाच दिवस जुन्याच डोसचे तयार. तिने नवा डोस कागदावर लिहून घेतला, पण हात गेला डबीकडे. दोन दिवस जुनाच घेतला. आता तपासणीच्या आठवड्यात निकाल येईपर्यंत वॉरफरिन डबीत जातच नाही.

तिला एकदा मी वॉरफरिनची कथा सांगितली होती. १९२० च्या दशकात अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. त्या चाऱ्यातल्या द्रव्याचा शोध विस्कॉन्सिन विद्यापीठात लागला, त्यावरून हे औषध बनवलं आणि १९४८ मध्ये ते बाजारात आलं ते उंदीर मारायला. माणसांसाठी मान्यता मिळाली १९५४ मध्ये. नावातली पहिली चार अक्षरं त्या विद्यापीठाच्या संशोधन संस्थेच्या आद्याक्षरांची. मला हे फार रंजक वाटलं होतं. अक्का म्हणाली, “अरे, आधी गुरं, मग उंदीर, मग मी. बरं चाललंय.”

तिच्या डबीचा खरा दोष डिगॉक्सिनने दाखवला. ती गोळी एवढीशी, पांढरी. निळसर तळाच्या कोपऱ्यात जाऊन बसली की दिसतच नाही. तीन दिवसांच्या गोळ्या अशा राहून गेल्या होत्या, आणि कप्पा रिकामा समजून तिने पुढच्या रविवारी त्यावर नव्या टाकल्या. सोमवारी डबी उलटी केली तेव्हा एकाच कप्प्यातून दोन पडल्या म्हणून बरं. डिगॉक्सिनमध्ये गुण देणारी आणि विष होणारी मात्रा फार जवळजवळ असते. मळमळ, भूक जाणं, डोळ्यांना पिवळं दिसणं ही जास्त झाल्याची लक्षणं. हे औषध ज्या फॉक्सग्लोव्हच्या कुळातल्या झाडापासून मिळतं, त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाबद्दल लिहिताना विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ सालीच हे पिवळं दिसणं नोंदवलं होतं. आता भरण्याआधी डबी पांढऱ्या कागदावर उलटी करून आपटायची, हा दोन्ही घरांचा नियम.

आणि धुऊन पुसायची, असाही नियम मीच घातला. महिन्यातून एकदा, पूर्ण वाळवून.

परवा अक्काचा फोन आला. “तू चिकटवलेली ती अक्षरं आहेत ना, पुसून पुसून शुक्रवारचा उकार गेलाय. शुक्रवारी तीन, शनिवारी दोन, आणि तुझ्या डबीत सध्या दोन शनिवार आहेत.”